रेसबोट मागे उलटते, यात दोष चालवणाऱ्याचा की बनवणाऱ्याचा?

दर्याकाठचा:
काल रात्री परत एकदा डोनाल्ड कॅम्पबेलची ती जुनी फिल्म बघितली, झोपच लागली नाही, म्हणून हा धागा काढतोय. ४ जानेवारी १९६७, इंग्लंडमधलं कॉनिस्टनचं तळं, ब्लूबर्ड के-७ नावाची जेट बोट. पाण्यावरच्या वेगाच्या रेकॉर्डसाठी ताशी ३०० मैल गाठायचे होते. जाताना २९७ झाले, परत येताना वेग त्याहून जास्त होता आणि नाळ (म्हणजे बोटीचं पुढचं टोक) नुसती वर वर जात राहिली, अख्खी बोट पाणी सोडून उचलली आणि मागच्या मागे कोलांटी खाऊन आपटली. कॅम्पबेल गेले. बोट आणि ते स्वतः सापडायला २००१ साल उजाडलं.

दरवेळी लोक म्हणतात की त्यांनी घाई केली, पहिल्या फेरीच्या लाटा शांत व्हायच्या आत परत फिरले. मला हे अजिबात पटत नाही. रेकॉर्डच्या दिवशी माणूस घाई करणारच. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात आमच्या रायगडात घरोघरी पत्रे उडाले, तेव्हा आपण घरात राहणाऱ्याला दोष दिला का? पत्र्याची कड जरा उचलली की खाली वारा शिरतो, वारा शिरला की पत्रा अजून उचलतो, की अजून वारा, मग काही हातात राहत नाही. बोटीचं अगदी हेच होतं. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट, तिप्पट झाला की नऊपट, आणि वजन आपलं तेवढंच. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की नाळ ठराविक कोनाच्या वर गेली की आपोआप चालून तिला खाली आणणारं काहीतरी बोटीत असलंच पाहिजे, आणि ते नसेल तर बोट पाण्यात उतरूच देऊ नये.

पिटलेन:
पूर्ण असहमत. यंत्र लावलं की माणसाला खोटा धीर येतो. १९९९ चं ल मान्स आठवा, फ्रान्समधली ती २४ तासांची मोटार रेस. मर्सिडीझची सीएलआर ही रेसची गाडी, पुढे मागे चाकांच्या बाहेर लांब आलेली (ओव्हरहँग) आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी. गुरुवारी क्वालिफाइंगमध्ये (रेसमधली जागा ठरवणाऱ्या फेऱ्यांत) ड्रायव्हर मार्क वेबरची गाडी उचलली आणि उलटली. शनिवारी सकाळी वॉर्म-अपमध्ये, म्हणजे रेसआधीच्या सरावात, परत त्याचीच. आता सांगा, दोनदा गाडी विमानासारखी उडाल्यावर काय करायला हवं होतं? त्यांनी पुढच्या बाजूला छोटे पंख लावले, ड्रायव्हरना सांगितलं की दुसऱ्या गाडीच्या अगदी मागे लागू नका, आणि रेसला उभे राहिले. त्याच संध्याकाळी पीटर डंब्रेकची गाडी हवेत कोलांट्या खात कुंपणापलीकडे झाडीत जाऊन पडली. तो वाचला हे नशीब. पुढच्या गाडीच्या मागे हवा पातळ होते, नाकावरचा दाब जातो, त्यात रस्त्याला उंचवटा आला की झालं. हे त्यांना कळत होतं म्हणूनच तर सूचना दिली ना? तेव्हा तिथे पार्ट कमी नव्हता, ‘आज गाडी काढायची नाही’ असं म्हणणारा माणूस कमी होता.

नाखवा_देवबाग:
मी रेसबोट चालवत नाही, तारकर्लीला पर्यटकांची स्पीडबोट चालवतो, पण एवढं सांगतो की नाळ उचलायला लागली हे हाताला आधी कळतं, डोळ्याला नंतर. समोरून वारा असेल आणि बोटीत दोनच माणसं असतील तर मी त्यांना पुढे बसवतो, इंजिनचा ट्रिम (इंजिनचा कल) आत घेतो, थ्रॉटल थोडा सोडतो. झटकन नाही सोडायचा, झटकन सोडला तर काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. आपोआप चालणाऱ्या वस्तूवर समुद्रात माझा भरवसा नाही, खारं पाणी सहा महिन्यात सगळं खाऊन टाकतं.

दर्याकाठचा:
नाखवा, तुमच्या अनुभवाला मान आहेच, पण तुमची बोट आणि ती बोट यात फार फरक आहे हो. ताशी ५०० किलोमीटरला बोट सेकंदाला जवळजवळ १४० मीटर जाते. हाताला कळून थ्रॉटलपर्यंत निरोप पोचेपर्यंत नाळ आभाळात असते.

ऑर्फियस:
नाखवांच्या खाऱ्या पाण्याच्या मुद्द्यावर लिहितो, कारण तो खरा मुद्दा आहे. आपोआप म्हणजे सेन्सर आणि मोटरच पाहिजे असं नाही. अमेरिकेत नॅस्कार या मोटार रेसच्या गाड्यांना १९९४ पासून छतावर बिजागरीचे फ्लॅप (झडपा) सक्तीचे आहेत. गाडी गरकन फिरून पाठ पुढे करून धावायला लागली की छतावर हवेचा दाब कमी होतो, तोच कमी दाब फ्लॅपला ओढून उभा करतो, आणि उभा फ्लॅप छतावरची ती उचलणारी हवा मोडून टाकतो. ना वायर, ना बटण. जी हवा गाडीला उचलणार तिच्याकडूनच काम करून घ्यायचं, मला यापेक्षा सुंदर इंजिनिअरिंग माहीत नाही.

आणि कॅम्पबेलबद्दल एक गोष्ट. के-७ मध्ये शेवटी ऑर्फियस इंजिन होतं, फॉलंड नॅट विमानाचं, तेच नॅट जे आपल्या हवाई दलाने १९६५ मध्ये वापरलं आणि एचएएलने बनवलं. माझे वडील त्याच इंजिनवर काम करायचे म्हणून मला या बोटीचं वेड लागलं. असं मानणारे बरेच आहेत की इंजिनचा रेटा नाळ खाली दाबून ठेवत होता आणि शेवटच्या क्षणी तो रेटाच गेला. तसं असेल तर पाय वर घेऊन वेग कमी करणं हेसुद्धा धोक्याचं होतं, मग ड्रायव्हरने करायचं तरी काय?

सिएटलकर:
इथे दर ऑगस्टला लेक वॉशिंग्टनवर हायड्रोप्लेनच्या रेस असतात, मी बारा वर्षं जातोय. मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या टोकाला धरून बसलाय. हायड्रोप्लेन बनवतातच मुळी अशी की हवेने ती उचलावी, दोन बाजूंचे स्पॉन्सन (बाजूला काढलेले तरंगते भाग) आणि मागचा पाणी कापणारा पंखा (प्रोपेलर) एवढंच पाण्याला टेकतं, म्हणून तर ती पळते. उचलणं पूर्ण थांबवलं तर ती साधी होडी झाली. पुढच्या पंखाचा कोन ड्रायव्हर पायाने कमीजास्त करतो, तरीही बोटी उलटतात, मी डोळ्यांनी बघितलंय.

पण १९८१ मध्ये मेक्सिकोत अकापुल्कोला हायड्रोप्लेनचे ड्रायव्हर बिल मन्सी गेले, पुढच्याच वर्षी डीन चेनोवेथ गेले, दोघंही अशाच मागे उलटून, उघड्या कॉकपिटमध्ये बसलेले. त्यानंतर एफ-१६ विमानाच्या काचेचं झाकण, पट्टे, हवेची नळी आणि बोट उलटी पडली तर बाहेर पडायला तळात दार आलं. आता बोट हवेत गिरकी घेते, सगळा काठ श्वास रोखून उभा असतो, आणि तळातलं दार उघडून हात वर आलेला दिसतो. तो हात बघितल्यावर माझं मत कायमचं ठरलंय, पैसा आणि डोकं आधी माणसाभोवतीच्या डब्यात घाला.

पिटलेन:
सिएटलकरांशी सहमत. ऑर्फियस, फ्लॅप असूनसुद्धा २०२५ च्या डेटोना ५०० या नॅस्कार रेसमध्ये रायन प्रीसची गाडी नाकाखाली हवा शिरून मागच्या चाकांवर उभी राहिली आणि उलटली. ल मान्सला २०११ पासून गाड्यांच्या पाठीवर मोठा फिन (उभा पत्रा) आणला, पुढच्या वर्षी चाकांवरच्या झाकणाला भोकं पाडायला लावली, आणि त्याच २०१२ मध्ये अँथनी डेव्हिडसनची टोयोटा धक्का लागून उडाली, त्याचे मणके मोडले.

ऑर्फियस:
प्रीसचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. छतावरचे फ्लॅप गाडी पाठमोरी झाल्यावर कामाला येतात, त्याची गाडी नाक पुढे असताना उचलली. ती जागा उघडी राहिली होती. उपाय तिथे लावायचा, उपायच सोडून द्यायचा नाही. विमानाला मागे शेपूट असते, नाक वर गेलं की शेपूट त्याला परत खाली आणते. बोटीचा बराच पसरटपणा पुढे आहे, म्हणजे बिनशेपटीचा पतंग.

दर्याकाठचा:
सिएटलकर, तो हात मला पटला, खरंच पटला. डबा पाहिजेच, माझ्या पहिल्या पोस्टमध्ये तो यायला हवा होता. पण माणूस वाचतो म्हणून उलटणं चालवून घ्यायचं हे मी मान्य करणार नाही. पाण्याच्या वेगाचा रेकॉर्ड अजून केन वॉर्बीचा आहे, १९७८, ताशी ५११ किलोमीटर, ऑस्ट्रेलियात, घराच्या अंगणात बांधलेली बोट. त्यानंतर तो मोडायला गेलेले ली टेलर आणि क्रेग आर्फन्स दोघंही परत आले नाहीत. पुढचा जो कोणी उतरेल त्याच्या बोटीला झाकणही हवं आणि आपोआप उघडणारा पंखही हवा.

नाखवा_देवबाग:
पंख लावा की. फक्त बिजागरी पितळेची किंवा स्टेनलेसची लावा, आणि दर फेरीआधी कोणीतरी हाताने हलवून बघा. आणि परत फिरण्याआधी लाटा निवेपर्यंत थांबा, एवढं माझं म्हणणं.