क्रीम एलमधला मका: काटकसर की गरज?

प्रश्न (मालवण)
नमस्कार मंडळी. माझे धाकटे बंधू मालवाहू जहाजावर नोकरीला आहेत आणि अमेरिकेत प्यायलेल्या क्रीम एल या बिअरचे ते फार कौतुक करतात. तीत मका घालतात हे कळल्यापासून मला शंका आहे की हा बार्लीचा खर्च वाचवण्याचा प्रकार असावा. शिवाय ही बिअर एल, म्हणजे उबेत आंबवलेली, असूनही चवीला थंडीत आंबवून मुरवलेल्या लागरच्या इतकी जवळ कशी?

उत्तर (रत्नागिरी)
आधी दुसरी शंका घेतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेत लागर रुजवली आणि तिच्यापुढे ईशान्येकडील जुन्या एल-कारखान्यांचे गिऱ्हाईक तुटू लागले. तेव्हा त्यांनी आपली एल नेहमीपेक्षा गार आंबवून नंतर थंडीत मुरवायला सुरुवात केली, काहींनी तर लागरचे यीस्टही तीत मिसळले. क्रीम एल ती हीच. दुधा-सायीचा तिच्याशी संबंध नाही.

मक्याचे कारण बार्लीत सापडते. अमेरिकेत तेव्हा मुबलक मिळणारी सहा ओळींची बार्ली युरोपातल्या दोन ओळींच्या बार्लीपेक्षा प्रथिनांनी जड, आणि स्टार्चची साखर करणारी विकरेही तिच्यात जास्त. नुसत्या तिचीच बिअर केली तर थंड केल्यावर ती गढूळ दिसते. मक्यातून स्टार्च भरपूर मिळतो, पण बिअरमध्ये उतरणारे प्रथिन नगण्य. त्यामुळे बिअर हलकी व नितळ होते, आणि मक्यात नसलेल्या विकरांची उणीव बार्लीची जास्तीची विकरे भरून काढतात. मात्र मक्याचा स्टार्च फुलायला अधिक उष्णता लागते, म्हणून कण्या थोड्या मॉल्टबरोबर (मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर) पेजेसारख्या रटरटून शिजवाव्या लागतात, नाही तर वाफवून दाबलेला मका वापरावा लागतो. मद्यार्क साधारण ४.२ ते ५.६ टक्के आणि कडवटपणा ८ ते २० आयबीयू (बिअरचा कडवटपणा मोजण्याचे एकक), एवढ्यात ही शैली बसते.

उत्तर (वेंगुर्ला)
वरील विवेचन मान्य आहे, तरी काटकसर अजिबात नव्हती असे मी म्हणणार नाही. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत असंख्य कारखाने बुडाले आणि त्यानंतरच्या काळात मोठ्या कंपन्यांनी मका-तांदूळ वापरून बिअर इतकी फिकी केली की मक्याचे नावच बदनाम झाले. त्या काळातही क्रीम एल टिकली, याचे श्रेय सिनसिनाटीच्या लिटल किंग्ज (१९५८) आणि रॉचेस्टरच्या जेनसी (१९६०) यांसारख्या बिअरना द्यावे लागेल. लुइव्हिलची केंटकी कॉमन, जी गडद असे आणि ताजीच संपवली जाई, ती मात्र दारूबंदीतच गेली.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला अधिक कुतूहल वाटावे ते सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टीम बिअरचे. तिथे गणित उलटे होते: यीस्ट लागरचे, पण बर्फ दुर्मीळ, म्हणून उथळ, पसरट हौदांत समुद्राच्या गार हवेवर बिअर थंड करून ती लागरच्या मानाने उबदार तापमानाला आंबवीत. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीचा वाराही घाम काढतो, तेव्हा ही युक्ती कोकणात चालली नसती. ही बिअर करणारी, बुडीत निघालेली अँकर कंपनी फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये हाती घेतली, म्हणून ही शैली जगली. ती कंपनीही २०२३ मध्ये बंद पडली.

प्रश्नकर्ता (मालवण)
आभारी आहे. बंधू म्हणतात की ग्लास नाकाजवळ नेताच उकडलेल्या कणसाचा वास येतो. तो मक्याचाच ना? आणि आपल्या जेवणाबरोबर ही बिअर जमेल का? घरी करून पाहण्याचाही त्यांचा बेत आहे.

उत्तर (दापोली)
घरचा बेत सोडून द्यावा, कारण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही. जेवणाचे म्हणाल तर तळलेल्या बोंबलांबरोबर ती उत्तम जमेल, परंतु तिरफळे घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यापुढे तिचा निभाव लागणार नाही. तिथे भाजक्या मॉल्टची आणि अधिक कडवट स्टीम बिअरच हवी.

वासाबद्दल बंधूंची समजूत स्वाभाविक आहे, पण तो बहुधा मक्याचा नसतो. फिकट मॉल्टमधील एका घटकापासून उष्णतेने डायमिथाइल सल्फाइड तयार होते, त्याचा तो वास. आंबवण्याआधीचा मॉल्टचा रस झाकण न ठेवता जोमाने उकळला आणि नंतर झटकन थंड केला तर तो वास बराचसा उडून जातो. क्रीम एलमध्ये तो किंचित राहिला तरी चालतो, भपकारा येत असेल तर मात्र उकळण्यात कसूर झाली असे समजावे.