१९६५ बीटल: लेन्स आणि हेडलाइटची काच मूळ आहे का, कसं ओळखायचं?

बीटल_वाघोली:
गाडी १९६५ ची फोक्सवॅगन बीटल १२००, उजव्या स्टिअरिंगची. वायरिंग ६ व्होल्टचंच ठेवलंय. टेललाइटच्या लेन्सच्या दोन जोड्या हाताशी आहेत. एक गाडीवरचीच: वर नारिंगी, खाली लाल, रंग उतरलेला, आत 'हेला' (दिवे बनवणारी जर्मन कंपनी) आणि नागमोडी रेघेपुढे 'के' व आकडे. दुसरी बाहेरून मागवलेली, चकचकीत. विकणारा 'जुना न वापरलेला माल' म्हणतो, पण अक्षरं पुसट आहेत. हेडलाइटच्या दोन काचाही एकसारख्या नाहीत, एकीवर 'एचसीआर' आहे. गाडी जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत न्यायची आहे. काय ठेवू, काय काढू?

काचवाला:
नागमोडी रेघ आणि 'के' हा जर्मन मान्यतेचा क्रमांक. तो डिझाइनला मिळतो, म्हणजे तो पार्ट नंबरही नाही आणि तारीखही नाही. वर्तुळातला 'ई' आणि शेजारचा आकडा मान्यता देणारा देश सांगतो: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. त्यावरून वस्तू कुठे बनली ते ठरत नाही. 'डब्ल्यू. जर्मनी' (पश्चिम जर्मनी) असेल तर माल १९९० च्या एकत्रीकरणाआधीचा. नुसतं 'जर्मनी' असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. 'इंदुस्त्रिया ब्राझिलेइरा' असेल तर लेन्स ब्राझीलची. दर्जा चांगला असू शकतो, पण जर्मनीत बनलेल्या १९६५ च्या गाडीवर ती मूळ म्हणून चालणार नाही.

रंगही तपासा. ही मोठी टेललाइट ऑगस्ट १९६१ पासून, म्हणजे १९६२ च्या मॉडेलपासून, १९६७ च्या मॉडेलपर्यंत होती. युरोपच्या गाडीला वर नारिंगी, अमेरिकेच्या गाडीला सगळी लाल. तुमच्या गाडीवर सगळी लाल लेन्स अस्सल जुनी असली तरी चुकीचीच.

'एचसीआर' मधला 'एच' म्हणजे हॅलोजन. एच४ बल्ब १९७१ चा, तुमच्या गाडीला ४५/४० वॅटचा दोन फिलामेंटचा साधा बल्ब. ती काच नंतर कोणीतरी बसवली आहे, ती काढाच.

साचा_आणि_सुरी:
अक्षरांपेक्षा साच्याकडे बघा. स्वस्त नक्कल करताना मूळ लेन्सवरूनच साचा काढतात. अॅक्रिलिक थंड होताना साधारण ०.३ ते ०.७ टक्के आकसतं. साच्यात ती भर घातली नसेल तर नक्कल दर १०० मिमीला जवळपास अर्धा मिमी लहान निघते. व्हर्नियरने दोन स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि बाहेरची लांबी, दोन्ही मोजा. माप जुळलं म्हणून अस्सल म्हणू नका, भर घालून केलेल्या नकलाही असतात.

मग रिफ्लेक्टरचा भाग भिंगाखाली धरा. मूळ लेन्समध्ये तीन पैलूंच्या बारीक कोपऱ्यांची जाळी असते, तिच्या कडा धारदार असतात. नकलेत त्या गोलावतात. अंधारात पाच मीटरवरून, टॉर्च डोळ्याच्या अगदी बाजूला धरून मारा. चांगली लेन्स लालभडक चमकून प्रकाश परत फेकते, नक्कल नुसती गुलाबीसर उजळते. त्याआधी मागची बाजू धुवून वाळवा, तिथली घाण किंवा तेल हा परतावा मारून टाकतं. रंग गडद दिसावा म्हणून आतून लाल लॅकर मारलेल्या लेन्सही विकल्या जातात. लॅकर रिफ्लेक्टरवर आलं की अस्सल लेन्सही नापास होते.

नारिंगी-लाल जोडरेषेवर बुडबुडे किंवा डिंकाची ओघळ दिसली तर माझ्या मते ती जोडी परत पाठवावी.

बीटल_वाघोली:
मोजलं. चकचकीत जोडीत भोकांमधलं अंतर ०.६ मिमीने कमी. टॉर्चमध्येही फिकी. जुनीच साफ करून बसवतो. कशाने धुवू?

काचवाला:
कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण आणि मऊ टूथब्रश. पेट्रोल, थिनर, स्पिरिट अजिबात नको. अॅक्रिलिकमध्ये स्क्रूच्या भोकांजवळ आधीच ताण असतो, त्यावर सॉल्व्हंट लागलं की केसासारख्या चिरा पडतात आणि त्या परत जात नाहीत. बाहेरचं धुकटपण १५००, २०००, ३००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने, मग प्लास्टिक पॉलिशने हाताने काढा. मशीन नको, अॅक्रिलिक साधारण १०० अंशांना मऊ पडतं. उठावदार अक्षरांवर पेपर फिरवू नका, ती गेली की लेन्सचा पुरावाच गेला. पॉलिशने धुकं जातं, उडालेला लाल रंग परत येत नाही. स्पर्धेत तो फिकटपणा चालतो, गोल कडांची चकचकीत नक्कल खटकते. बसवताना नवीन गॅस्केट घ्या आणि स्क्रू आलटून पालटून, हलक्या हाताने आवळा.

उजवा_हात:
हेडलाइटच्या काचेत अजून एक गोष्ट आहे, आणि ती रस्त्यावरच्या लोकांसाठी जास्त महत्त्वाची. 'ई' खुणेची डावीकडच्या वाहतुकीसाठीची काच समोरून पाहिली की तिच्यावर बाण असतो, तो पाहणाऱ्याच्या उजवीकडे वळलेला. बाण नसेल तर ती उजवीकडच्या वाहतुकीची, दोन्हीकडे टोकं असतील तर दोन्हींची. नुसती 'के' असलेल्या जुन्या काचेत बाण शोधू नका, भिंतीवर बघा: पाच मीटरवर डिप (खालचा झोत) लावा. प्रकाशाची कड भारतात डाव्या बाजूला वर चढायला हवी. उजवीकडे चढत असेल तर ती समोरच्याच्या डोळ्यांत जाते. अशी काच कितीही अस्सल असली तरी ती प्रदर्शनापुरती, रात्रीच्या रस्त्यावर दुसरी जोडी लावा.