मोठी स्वप्नं पाहा, पण सुवार्तेचं भाषांतर यंत्रावर सोडून मोकळं व्हायचं का?

मोहरीचा_दाणा: परवा इथे एकाने लिहिलं: शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, प्रत्येक भाषेत यंत्राकडून भाषांतर करा, कृत्रिम आवाजात वाचून घ्या, जाहिरातीने फोनाफोनावर पोचवा, पाच वर्षांत महान आज्ञा (सर्व राष्ट्रांना शिष्य करा, ही येशूची आज्ञा) पूर्ण! खाली नुसती ‘आमेन’ची रांग. म्हणून हा वेगळा धागा.

बंगालात आलेले मिशनरी विल्यम केरी आणि त्यांच्या सेरामपूरच्या मंडळींनी तीसहून अधिक भाषांत शास्त्र किंवा त्याचे भाग छापले. धाडसी स्वप्नच ते. त्यातली बरीच भाषांतरं शब्दाला शब्द लावलेली निघाली आणि पुढच्यांना पुन्हा करावी लागली. शिवाय यंत्र शिकतं ते आधीच्या मजकुरावर. लहान भाषांत तो मजकूर बहुधा शास्त्राचाच असतो. जिथे शास्त्रच पोचलेलं नाही, तिथे यंत्र शिकणार कशावर?

दिवटी: प्रत्येक पिढीत असे ब्रेक लावणारे असतातच. चर्चबाहेर उपदेश म्हणजे जवळजवळ पाप, असं मानणारा इंग्लंडचा धर्मोपदेशक जॉन वेस्ली १७३९ साली ब्रिस्टलला उघड्यावर उभा राहिलाच ना? १९३९ साली जॉय रिडरहॉफ यांनी सुवार्तेच्या ध्वनिमुद्रिकांचं काम सुरू केलं. पुढे त्याच कामातून पुठ्ठ्याचा घडीचा प्लेअर आला, हाताने फिरवायचा, वीज नको की बॅटरी नको. आता यंत्राने कच्चा मसुदा द्यावा आणि माणसाने तपासावा, यात काय बुडालं?

वल्हं: वेळ मसुद्याला लागतो हाच गैरसमज आहे. वेळ खाते तपासणी. आधी गट आपसात तपासतो. मग तो उतारा कधीच न ऐकलेल्या माणसाला ऐकवायचा आणि स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायचा. मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर, आणि शेवटी सल्लागार. यंत्राचा मसुदा इतका गुळगुळीत असतो की तपासणारा चूक शोधायचं विसरून नुसता वाचत सुटतो.

एकच जागा घ्या, मार्कचं शुभवर्तमान ४:३८. होडी वादळात, येशू झोपलेला, आणि शिष्य म्हणतात बुडतोय. ग्रीकमध्ये आम्ही-आपण हा भेद नाही. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की शिष्य फक्त स्वतःचं रडताहेत. ‘आपण’ म्हटलं की येशूही बुडणार. ठरवणार कोण?

दिवटी: होडी सगळ्यांची एकच आहे. ‘आपण’. संपलं.

खमीर: कसलं संपलं? तो निवांत झोपलाय, आणि तक्रार आहे ‘तुला आमची पर्वा नाही’ अशी. ‘आम्ही’च.

वल्हं: दिवटीताई, तुमचं ‘आपण’ घेऊन गुरूशी आदराने बोलून दाखवा. “आपण बुडतोय, याची आपल्याला काळजी नाही का?” दोन ‘आपण’, अर्थ दोन. छापील पानावर नजर मागे नेता येते, कानावर पडून गेलेलं वाक्य गेलं.

दिवटी: मग दुसऱ्या ठिकाणी ‘तुम्हाला’ म्हणा! व्याकरणाच्या तासात सुवार्ता अडकवली तुम्ही.

पाटीपेन्सिल: कानांचा विषय निघालाच आहे तर. नव्या कराराचे २६० अध्याय, साधारण वीस तासांचं ध्वनिमुद्रण. ३२ केबीपीएस (आवाजाच्या फाइलचा दर) मोनोला तासाला १४ एमबीच्या आसपास, म्हणजे सगळं तीनशे एमबीच्या आत. पण हौस दांडगी! १२८ चा स्टिरिओ आणि खाली व्हायोलिनं. फाइल चौपट, आणि फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर शब्दच ऐकू येत नाहीत. दर अध्यायाची वेगळी फाइल करा आणि नावाआधी ००१, ००२ असे तीन आकडे टाका. नाहीतर साधे प्लेअर १ नंतर थेट १० लावतात आणि ऐकणारा जन्मकथेवरून उडी मारून भलतीकडेच पोचतो.

खमीर: तुमच्या फाइली ठेवा बाजूला, जाहिरातीवर कोणीच का बोलत नाही? ‘घटस्फोट’, ‘एकटेपणा’ असे शब्द शोधणाऱ्यांना हेरून जाहिरात दाखवायची, याला सुवार्ता म्हणायचं? हे दुःखाचा माग काढणं झालं. वर ‘इतके लाख जणांपर्यंत पोचलो’ असा अहवाल. स्क्रीनवरून बोट सरकलं तरी ते पोचण्यात धरतात! प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायातला तो कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाचा) अधिकारी शास्त्र वाचतच होता. अडलं ते समजावणाऱ्या माणसावाचून, आणि सुवार्ता सांगणारा फिलिप्प त्याच्या रथात जाऊन बसला.

दुसरं, जिथे विश्वास बदलणं जिवावर बेतू शकतं, तिथे चौकशी करणाऱ्यांची नावं एका फोनमध्ये असणं म्हणजे तो फोन जप्त झाला की सगळे सापडले. खरी नावं लिहायचीच नाहीत, संदेश आपोआप पुसले जातील अशी सोय आधी लावायची, आणि भेटायला जाणाऱ्याकडे त्याच्या वाट्याच्या माणसापलीकडची माहिती नको. हे आधी, जाहिरात नंतर.

दिवटी: बरं बाबा. दुःखावर नेम धरणारी जाहिरात नको, मान्य. नावांचंही मान्य. व्हायोलिनंही काढते, पाटीपेन्सिलरावांच्या कानांसाठी. यंत्राचा मसुदा मात्र सोडणार नाही. तपासणी पूर्ण झाल्याशिवाय आवाजात उतरवायचा नाही, एवढी अट घालून घ्या.

मोहरीचा_दाणा: ही अट मूळ पोस्टमध्ये असती तर हा धागा काढलाच नसता.

वल्हं: आणि ४:३८?

दिवटी: आपण.

खमीर: आम्ही.