टाळेबंदीतील ऑनलाइन तास : ‘घरात इंटरनेट आहे’ याचा अर्थ काय धरावा?

प्रश्न : अभ्यासक_पुणे
२०२०च्या टाळेबंदीत ग्रामीण भागातील पदवीच्या विद्यार्थ्यांचे ऑनलाइन शिक्षण कसे झाले, यावर मी प्रकल्प अहवाल लिहीत आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील १४.९ टक्के ग्रामीण आणि ४२ टक्के शहरी कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. संगणक मात्र ग्रामीण भागात अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे होता. परंतु घरात इंटरनेट असूनही किती जणांना तासाला बसता आले, हे या आकड्यांवरून कळत नाही. ज्यांनी ते दिवस अनुभवले, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : सड्यावरची
मी तेव्हा दापोली तालुक्यातील घरी राहून कला शाखेच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास करत होते. घरात स्मार्टफोन एकच, तोही वडिलांचा. सर्वेक्षणाच्या हिशेबात आमचे घर इंटरनेट असलेलेच ठरले असते. पण वडील सकाळी बागेत गेले की फोनही त्यांच्याबरोबर जाई आणि तास नेमके सकाळीच असत. फोन हाती आला तरी रेंजसाठी सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळी माळावर जावे लागे. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने विजेचे खांब आडवे केले, त्यानंतर कित्येक दिवस वाडीतले फोन शेजारच्या काकांच्या रिक्षाच्या बॅटरीवर पाळीपाळीने चार्ज होत होते. परीक्षा होणार की नाही, हेही ठरत नव्हते. परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २८ ऑगस्टला आला आणि ऑक्टोबरमध्ये मी त्याच फोनवर बहुपर्यायी प्रश्न सोडवले. तीन वर्षे दीर्घोत्तरे लिहिण्याचा सराव केला होता, त्याचा काहीच उपयोग झाला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तर : वाणिज्य_शिक्षक
पहिले दोन महिने मी थेट व्हिडिओ तास घेतले आणि हजेरीही त्यावरच लावली, ही माझी चूक होती. साठ जणांच्या वर्गात पंचवीस-तीस जण दिसत, तेव्हा बाकीचे टाळाटाळ करतात असे मी धरून चाललो. एका विद्यार्थ्याने दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारीच संपतो असे सांगितल्यावर मी दहा-दहा मिनिटांची ध्वनिमुद्रणे आणि सोडवलेल्या ताळेबंदांचे फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकू लागलो. त्यानंतर रात्री दहाच्या पुढे, घरातला फोन मोकळा झाला की, एरवी कधीच न दिसलेल्या मुलांच्या शंका येऊ लागल्या. ‘स्वयंप्रभा’ या केंद्र सरकारच्या शैक्षणिक टीव्ही वाहिन्यांना तर इंटरनेटही लागत नव्हते, पण त्यांची माहिती आम्ही मुलांपर्यंत पोहोचवलीच नाही.

आपल्या प्रश्नावलीत ‘फोन आहे का?’ एवढेच विचारू नका. तो कोणाचा, दिवसातून कोणत्या वेळी हाती येई आणि रिचार्जचे पैसे कोण देई, हेही विचारा.

अभ्यासक_पुणे
दोघांचेही मनापासून आभार. हे तिन्ही प्रश्न आजच घालतो. ताई, धाकटी भावंडेही त्याच फोनवर शिकत होती का, आणि तास एकाच वेळी आले तर फोन कोणाला मिळे?

सड्यावरची
धाकटा भाऊ दहावीला होता. त्यामुळे फोन त्याला मिळे.