पट्टे एकमेकांवर आले तरी वाढ खरी असू शकते
"अमेरिकेतल्या लागोपाठच्या दोन वर्षांच्या मध्यक उत्पन्नाचे (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली, ते उत्पन्न) पट्टे, म्हणजे अंदाजाभोवतीच्या ± त्रुटीच्या मर्यादा, एकमेकांवर येतात, म्हणजे वाढ झालीच नाही" हा मुद्दा मला पटत नाही. समजा दोन्ही अंदाज ±६०० डॉलरचे आहेत आणि फरक १००० चा. पट्टे एकमेकांवर येणारच. पण फरकाची त्रुटी ६०० अधिक ६०० नसते. दोन्ही ६०० च्या वर्गांची (६०० × ६००) बेरीज करून वर्गमूळ काढलं की ती साधारण ८४९ भरते. १००० चा फरक त्याहून मोठा, म्हणून वाढ टिकते! शिवाय हे आकडे ज्यातून येतात त्या अमेरिकेच्या सीपीएस (दरमहा होणारं कुटुंब सर्वेक्षण) मध्ये एक पत्ता चार महिने नमुन्यात, आठ महिने बाहेर आणि पुन्हा चार महिने आत असतो. उत्पन्नाचे प्रश्न मुख्यतः मार्चच्या सुमारास विचारले जातात, म्हणून एका मार्चमधले बरेच पत्ते पुढच्या मार्चलाही भेटतात आणि फरकाची त्रुटी आणखी घटते.

मला जास्त काळजी २०१४ ची वाटते. तेव्हा याच सर्वेक्षणातले उत्पन्नाचे प्रश्न बदलले आणि नमुना दोन भागांत विभागून जुने-नवे प्रश्न शेजारी-शेजारी विचारले गेले. वर्ष तेच, २०१३ चं उत्पन्न. तरी नव्या प्रश्नांनी मध्यक सुमारे ३ टक्के वर निघाला. आलेखात तिथे रेघ तोडायलाच हवी, कारण छापलेल्या ± मध्ये हा फरक कुठेच धरलेला नसतो.