पापाला कायद्याने बंदी घालता येते काय? चंद्रपूरच्या अनुभवावरून एक चर्चा

माळवद

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. अवैध दारूचा सुळसुळाट, त्या धंद्यात ओढली गेलेली बायकामुले, वाढलेले गुन्हे आणि बुडालेला महसूल ही कारणे त्या वेळी पुढे आली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि वर्ध्यात त्याहून आधीपासून. या तीन जिल्ह्यांकडे पाहताना मला दारूपेक्षा एक जुना प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: माणसाच्या दुर्गुणांचे समाजाने काय करावे?

पाप आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की दोहोंचीही धार जाते, असे माझे मत आहे. पाप माणसाने स्वतःच्या मनाशी, घराशी आणि गावाशी निस्तरायचे असते. गुन्ह्याला शासनाने शिक्षा द्यायची असते. आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस चारचौघांच्या साक्षीने दारू सोडतो. त्याच्यावर कोणी शिपाई पहारा देत नाही, तरी तो ती शपथ पाळतो, आणि मोडली तर साऱ्या गावाला कळते. समाजाने दुर्गुणाला आवर घालण्याची ही रीत मला कोणत्याही बंदीपेक्षा टिकाऊ वाटते, कारण तिच्यात माणसाची स्वतःची इच्छा गुंतलेली असते.

बंदी आली की व्यसन जात नाही, फक्त त्यावर पैसा कमावणारा बदलतो. यवतमाळ आणि नागपूरच्या बाजूने माल येऊ लागतो, पव्वा दामदुप्पट दराने विकला जातो, आणि त्या वाढीव पैशातून हप्ते ठरतात. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण बंदी असताना डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरहून अधिक माणसे मेली. याहून मोठे नुकसान मला असे दिसते की पूर्वी पिणाऱ्याला खडसावणारे वडीलधारे बंदीनंतर ‘ते आता पोलिसांचे काम आहे’ म्हणून गप्प बसले. कायद्याने मारहाणीला, दारू पिऊन गाडी चालवण्याला, भेसळीला आणि अल्पवयीनांना केलेल्या विक्रीला कठोर शिक्षा द्यावी. पाप म्हणजे परपीडा, ही वारकऱ्यांची समज मला मान्य आहे, आणि म्हणूनच जिथे परपीडा सुरू होते तिथेच कायद्याने हात घालावा असे मी म्हणतो.

वैनगंगाकाठ

माळवद यांचा मजकूर मी दोनदा वाचला. माझे काम गडचिरोली जिल्ह्यातल्या महिला बचत गटांमध्ये आहे, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

माळकऱ्याचे उदाहरण सुंदर आहे, पण ज्याने माळ घातलीच नाही त्याच्या बायकोने काय करावे, याचे उत्तर त्यात मिळत नाही. परपीडा नेमकी कुठे सुरू होते, हाच तर वाद आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम मोजक्या दिवसांचा असतो. घरातली सगळी माणसे, मुलांसकट, उजाडायच्या आत जंगलात जातात, दुपारी बसून पुडके बांधतात, आणि त्याचा चुकारा हातात आला की वर्षाच्या किराण्याची, बियाण्याची आणि मुलांच्या वह्यापुस्तकांची सोय होते. तो चुकारा घरी पोहोचण्याआधी वाटेवरच्या झोपडीत संपला, तर कोणी कोणावर हात उगारलेला नसतो आणि आपल्या व्याख्येप्रमाणे गुन्हाही घडलेला नसतो. तरी त्या घरात पीडा झालेली असते आणि ती पुढचे दहा महिने पुरते.

विषारी दारूचा मुद्दाही पूर्ण सांगायला हवा. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि मुंबईत बंदी नव्हती. परवाना असलेली दुकाने हाकेच्या अंतरावर होती. मिथेनॉल मिसळले जाते ते गरिबाला परवडणाऱ्या दरात नशा देता यावी म्हणून. जिथे दुकाने उघडी आहेत तिथेही ही माणसे मरतात, म्हणून त्या मृत्यूंचा दोष एकट्या बंदीवर टाकता येत नाही.

आपण म्हणता की बंदीमुळे गावाने आपली जबाबदारी पोलिसांवर टाकली. माझा अनुभव उलट आहे. आमच्या बायका रात्री बॅटरी घेऊन निघतात, झुडपात पुरलेले मोहसडव्याचे, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या मोहफुलांचे, ड्रम शोधून ओततात, विक्रेत्याला ग्रामसभेत उभे करतात. बंदीचा कायदा पाठीशी नसता, तर त्याच विक्रेत्याने त्यांच्यावर नुकसानीची तक्रार केली असती. कायदा त्यांचे काम स्वतः करत नाही, पण त्यांना उभे राहायला जमीन देतो. आणि एक सांगते, या बायका पाप हा शब्द क्वचितच वापरतात. त्या पैसे मोजतात, किती आले आणि किती घरी पोहोचले एवढेच.

मोहपान

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे कोणाचा दुर्गुण पाप ठरतो आणि ते कोण ठरवतो. गोंड आणि माडिया घरांत मोहाचे फूल अन्न आहे, औषध आहे, आणि देवाला, पितरांना वाहण्याची वस्तू आहे. जन्म, लग्न, मरण यांत मोहाची दारू लागते. इंग्रजांच्या १८७८ च्या आबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात घरगुती गाळप बंद करून दारूचा धंदा मक्तेदारांच्या हाती दिला, तेव्हा ज्याने आपल्या अंगणातल्या झाडाच्या फुलांची दारू गाळली तो गुन्हेगार झाला, आणि ज्याने सरकारला पैसे भरून भट्टी लावली तो प्रतिष्ठित व्यापारी झाला. नशा तीच होती.

असे असूनही १९२२ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी देवीच्या आदेशाने दारू आणि ताडी सोडली, आणि दारूच्या धंद्यातून त्यांच्या जमिनी गिळणाऱ्या सावकारांकडे कामाला जाणे बंद केले. ती शपथ होती आणि बंडही होते. म्हणून माळवद यांचे ‘समाजाने स्वतः सोडावे’ हे म्हणणे मला पटते, पण त्याचा अर्थ गप्प बसणे नव्हे. आणि वैनगंगाकाठ यांना विनंती की ड्रम ओतताना विकण्यासाठी गाळलेली दारू आणि पूजेसाठी ठेवलेला घडा यांत भेद करावा. आमच्या एका नात्यातल्या घरी तो केला गेला नाही, आणि त्या घरातली म्हातारी अजून समितीच्या बायकांशी बोलत नाही.

जमाखर्च

चर्चा पिणाऱ्याच्या मोहावर चालली आहे; राज्यसंस्थेच्या लोभावर कोणी बोलत नाही. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या सहांतला लोभ हा सर्वांत शिस्तबद्ध रिपू आहे, कारण त्याला खातेवही ठेवता येते.

आपल्या राज्यात दारूविषयीचा मूळ कायदा १९४९ चा आहे आणि त्याच्या नावातच दारूबंदी आहे. संविधानाचा अनुच्छेद ४७ मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करण्यास शासनाला सांगतो. १९४९ च्याच कायद्याखाली पिण्याचे परवाने दिले जातात आणि दरवर्षी हजारो कोटींचा महसूल गोळा होतो. जुगाराचेही तेच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. तो मार्ग बंद झाल्यावर साठच्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढून मटका सुरू झाला आणि गिरणगावातल्या चाळीचाळींत पोहोचला. १९६९ मध्ये शासनाने आपली लॉटरी काढली, आणि लोकांचा पैसा मटक्याऐवजी लोकोपयोगी कामाकडे वळवावा हा त्यामागचा हेतू होता. हेतू चांगला असेल, पण तिकीट घेणारा तोच पगारदार होता. अगदी अलीकडे ऑक्टोबर २०२३ पासून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २८ टक्के जीएसटी आकारला गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने तेच खेळ बंद करणारा कायदा केला. दोन वर्षांपूर्वी जो महसूल होता तो दोन वर्षांनी दुर्गुण झाला.

१८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी शहरात दारूची दुकाने उघडण्याला लेखी विरोध केला होता. एकशे पंचेचाळीस वर्षांनी आपण त्याच प्रश्नावर अडलो आहोत. बंदी हवी की नको हे नंतर ठरवू. आधी दारूच्या महसुलातला ठरलेला वाटा त्याच तालुक्यात व्यसनमुक्ती केंद्रावर खर्च करण्याचे बंधन शासनावर घालावे.

उंबरठा

माझे वडील पीत असत. घरात त्याला पाप म्हणत, म्हणून आम्ही ते अकरा वर्षे लपवले. आजार म्हटले असते तर दवाखान्यात नेले असते. माळवद म्हणतात तशी गावाची लाज आमच्या घरी भरपूर होती. तिने वडिलांची दारू सुटली नाही, आईचे मात्र शेजारी जाणे सुटले. एवढेच लिहायचे होते.

माळवद

उंबरठा यांचे लिखाण वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. गावाची लाज पिणाऱ्यापेक्षा त्याच्या घरातल्या बाईवर आधी पडते, हे मी लक्षात घेतले नव्हते, आणि माझ्या मांडणीतला तो खरा दोष आहे. तेंदूपत्त्याच्या चुकाऱ्याचे उदाहरणही मला मान्य करावे लागते. परपीडा मी मारहाणीपासून मोजत होतो, ती त्याआधीच सुरू होते.

तरी संपूर्ण जिल्ह्यावर वरून लादलेली बंदी मला आजही मान्य नाही. ज्या गावाच्या बायकांनी मागितली त्या गावात बंदी असावी, आणि ती मागण्याची सोय आपल्या नियमांत आहेच: पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की गुप्त मतदान होते, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). एका गावाने घेतलेला निर्णय आणि राजधानीत बसून साऱ्या जिल्ह्याविषयी घेतलेला निर्णय यांत मला माळ आणि बेडी यांच्याइतके अंतर दिसते.

वैनगंगाकाठ

मोहपान यांचे म्हणणे मी आमच्या बैठकीत मांडणार आहे. पूजेच्या घड्याबाबत आमच्याकडूनही चूक झालेली आहे.

माळवद, आडव्या बाटलीचा तो नियम आपण पुढे वाचावा. जिंकण्यासाठी झालेल्या मतदानाचे बहुमत पुरत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी मिरची तोडायला तेलंगणात गेली आहे, जी बाळंतपणाला माहेरी आहे, जिचे नाव मरूनही यादीतून निघालेले नाही, त्या सगळ्या दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. दुकानदाराला मते मिळवावी लागत नाहीत; त्याला फक्त बायका घरी थांबल्या तरी चालते.

आमच्या गावासमोर नदी आहे आणि पलीकडे चंद्रपूर जिल्हा. २०२१ नंतर पलीकडची दुकाने उघडली आणि इकडचे पुरुष पाणी ओसरले की चालत जाऊन येऊ लागले. पलीकडच्या एका गावातल्या बायकांनी आता सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. पंचवीस टक्क्यांना अजून एकोणीस सह्या कमी आहेत, आणि त्यातल्या सात जणी धानकापणी संपवून आल्याशिवाय भेटणार नाहीत.