बडोद्याच्या फतेहसिंह म्युझियमवर मुलांची डॉक्युमेंटरी, सुरुवात कुठून करू?

मांडवीकर: लेकीच्या आठवीच्या ग्रुपला ५ मिनिटांची फिल्म करायचीये, रविवर्म्याची चित्रं दाखवायची म्हणतात पण मोबाईलवर सगळं शूट केलं तर नुसता स्लाइडशो होईल ना?

कमाटीबागवाला: होणारच! एकच चित्र घ्या. सयाजीराव महाराजांनी रविवर्म्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली, पोरांनी विचारावं की पुराणातल्या बायका नऊवारीत कशा, आणि मग घरी आजीलाच नऊवारी नेसताना शूट करा, अर्धी फिल्म तिथेच. आणि कॅमेऱ्याची परवानगी आधीच काढा, आम्हाला एकदा एका ठिकाणी गेटवरूनच परत पाठवलेलं.

रावपुरा_ताई: म्युझियमची बिल्डिंग मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती, पोरांना हेच जास्त आवडेल बघा 😄 आवाज मात्र वेगळा रेकॉर्ड करा, हॉलमध्ये फार घुमतो.

मांडवीकर: आजी तयार आहे, साडी कुठली यावरून भांडण चालूये